बंद पडलेला प्रिंटर टाकण्यापूर्वी

धर्मग्रामाच्या कचेरीत, भगिनींच्या मठात किंवा एखाद्या शिक्षकाच्या घरी कपाटावर जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेली एक वस्तू हल्ली हमखास आढळते. ती म्हणजे शाईचा प्रिंटर. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या, मुलांचे स्वाध्याय मोबाइलवर येऊ लागले, आणि ज्यांना कसेबसे परवडले त्यांनी ते कागदावर उतरवून घेण्यासाठी हे यंत्र घरी आणले. पुष्कळ चर्चच्या कचेऱ्यांतही ते त्याच सुमारास आले. पुढे शाळा उघडल्या, फादरांची बदली झाली, नव्या फादरांना त्याची सवय नव्हती, आणि यंत्र निजले ते निजलेच. मग एके दिवशी फेस्ताची नोव्हेना छापण्याची वेळ येते. चादर निघते, कळ दाबली जाते, यंत्र घरघरते, कागद आत ओढते आणि जसा घेतला तसा कोरा बाहेर टाकते. "बिघडला!" असा निकाल तेथल्या तेथे लागतो.

हा निकाल बहुधा घाईचा असतो. आणि घाईची किंमत गरीब धर्मग्रामाला रोख मोजावी लागते, म्हणूनच आजचे आमचे हे पान आम्ही या विषयाला देत आहोत.

बहुतेक यंत्रे वापरून झिजतात. शिलाईचे मशीन, सायकल, पाण्याचा पंप यांचे असेच आहे. शाईच्या प्रिंटरची तऱ्हा मात्र उलटी आहे. तो कामाने जितका मरत नाही तितका विश्रांतीने मरतो. याचे कारण त्याच्या पोटात डोकावल्यावाचून कळणार नाही. त्याच्या आत डावीउजवीकडे धावणारा एक भाग असतो, त्याला कारागीर 'हेड' म्हणतात. हेडच्या तळाशी शेकडो छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्र माणसाच्या केसाहूनही बारीक असते. त्यांतून शाईचे थेंब कागदावर नेमके टाकले जातात. थेंब किती लहान? तो पाच पिकोलिटरचा धरला, तर औषधाच्या पाच मिलिलिटरच्या एका चमच्यातून असे शंभर कोटी थेंब निघतील. आता ही शाई म्हणजे काय, तर मुख्यतः पाणी. त्यात रंग आणि शाई लवकर सुकू नये म्हणून घातलेली ग्लायकोलसारखी द्रव्ये. छिद्राच्या तोंडाशी असलेले पाणी हळूहळू उडून जाते आणि मागे रंगाचा चिकट गोळा उरतो. दौतीच्या काठावर शाईची पापडी धरलेली आमच्या वडीलधाऱ्या वाचकांनी पाहिली असेल. तोच प्रकार येथे, फक्त केसाहून बारीक तोंडात. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो लवकर होतो, गोव्याच्या पावसाळ्यात उशिरा. पण होतो सर्वत्र.

थेंब उडवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत छिद्रामागची इवलीशी तार क्षणार्धात तापते, शाईत वाफेचा बुडबुडा फुगतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. १९७७ साली जपानच्या कॅनन कंपनीतील एका अभियंत्याच्या हातून तापलेले सोल्डरिंगचे अवजार शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागले, सुईतून शाईची चिळकांडी उडाली, आणि त्यावरून ही युक्ती सुचली असे सांगतात. दुसऱ्या रीतीत विजेचा दाब मिळताच वाकणारा एक स्फटिक शाईला दाबतो. एप्सन कंपनीने १९९३ पासून ही रीत घरगुती यंत्रांत आणली. याच्याही पूर्वी, १९५१ साली, स्वीडनमधील डॉ. रुने एल्मक्विस्ट यांना शाईच्या बारीक धारेने आलेख काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले होते. त्यांचा हेतू हृदयाच्या ठोक्यांसारखे जलद आलेख काढण्याचा होता. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली तयार करणारे तेच हे गृहस्थ. शाईचा फवारा आणि हृदयाचा ठोका यांचा असा संबंध असेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

आमच्या लोकांना तर या यंत्राविषयी थोडी अधिक आस्था असावयास हवी. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला. तो निघाला होता अॅबिसिनियाला, राहिला मात्र येथे, येशूसंघीयांच्या सेंट पॉल महाविद्यालयात. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' राचोल येथे छापले गेले. ग्रंथ मराठी, पण अक्षरे रोमन. कारण मराठी लिपीचे खिळे नव्हते. ते ओतवून घ्यावेत अशी फादर स्टीफन्स यांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलेही. त्यांच्या हयातीत ते घडले नाही. ज्या अक्षरांसाठी तो विद्वान पुरुष झुरला, ती सर्व जोडाक्षरांसह लीलया उमटवणारी पेटी आज आपल्या कपाटावर चादरीखाली धूळ खात पडली आहे, हे आम्हांला फारसे शोभादायक वाटत नाही. असो, मुख्य विषयाकडे वळू.

सीमाभागातल्या एका लहानशा धर्मग्रामातील प्रिंटर चौदा महिन्यांच्या निद्रेनंतर आमच्यासमोर उघडण्यात आला. फेस्ताला अकरा दिवस होते. प्रार्थनेच्या पुस्तिका तालुक्याच्या दुकानात छापाव्यात तर खर्च आवाक्याबाहेर जात होता, आणि नवे यंत्र घ्यावे तर आजाऱ्यांच्या औषधांसाठी ठेवलेल्या पेटीला हात लावावा लागणार होता. त्या पेटीवर गावातल्या तीन-चार घरांच्या महिन्याच्या गोळ्या चालत. धर्मशिक्षक मास्तर हातातला कोरा कागद दाखवून म्हणाले, "फादर, हे आता भंगारवाल्याकडेच द्यावं." फादर म्हणाले, "मास्तर, पेटी उघडण्याआधी चार दिवस ह्यालाच देऊन बघू या."

पहिले काम वीज लावण्याआधीचे. प्लग बाजूला ठेवून, झाकण उघडून विजेरीच्या उजेडात आत पाहिले. पालीची दोन अंडी, मुंग्यांनी वाहून आणलेली माती आणि कागदाचा एक फाटका तुकडा निघाला. हे हसण्यावारी नेऊ नये. असल्या क्षुल्लक अडथळ्याने हेड अडकते आणि यंत्र भलत्याच तक्रारी दाखवू लागते. तार उंदराने कुरतडलेली नाही ना, तेही पाहावे. कागद ओढणारे रबराचे रूळ धुळीने गुळगुळीत झाले होते, ते किंचित ओल्या फडक्याने पुसून वाळू दिले. मग शाईच्या टाक्या पाहिल्या. त्या निदान एकतृतीयांश भरलेल्या असाव्यात, नाहीतर सफाई करताना नळ्यांत हवा शिरते आणि एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

यानंतर संगणक जोडण्याची मुळीच घाई केली नाही. ज्या यंत्रावर नक्कल काढण्याची काच असते, ते संगणकावाचूनही नक्कल काढते. त्यामुळे दोष यंत्राचा की संगणकाचा, हे ताबडतोब कळते. अनेकदा प्रिंटर धडधाकट असतो आणि नव्या संगणकाला त्याची ओळख करून देणारा ड्रायव्हर तेवढा नसतो. येथे नक्कलही कोरीच निघाली, तेव्हा दोष शाईच्या वाटेत हे ठरले. मग तपासणीचा नमुना छापला. इंग्रजीत याला नोझल चेक म्हणतात. चारही रंगांच्या आडव्या बारीक रेघांची ती जाळी असते, आणि जेथे रेघ तुटलेली तेथले छिद्र बुजलेले. आमच्या कागदावर पिवळ्याच्या काही रेघा, काळ्याची एक पुसट खूण. तांबडा आणि निळा पूर्ण गायब. हा कागद तारीख घालून जपून ठेवावा. पुढच्या प्रत्येक कागदाशी तो ताडून पाहिल्यावाचून सुधारणा होते आहे की नाही, हे नुसत्या आठवणीवर सांगता येत नाही.

येथूनच माणसाच्या धीराची परीक्षा सुरू होते. हेडच्या सफाईची आज्ञा यंत्रातच असते. ती दिली की यंत्र छिद्रांतून शाई जोराने ओढून घेते. एकदा सफाई, मग नमुना. पुन्हा सफाई, पुन्हा नमुना. आणि तिसऱ्यानंतर थांबावयाचे. पुष्कळ लोक दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा ती आज्ञा देत बसतात. त्याने वाळलेला रंग निघत नाही, शाई मात्र संपते. शिवाय ओढलेली शाई कोठे जाते? यंत्राच्या तळाशी एक शोषक गादी असते, तिच्यात. ती भरली असा हिशेब यंत्राने केला की ते कामच नाकारते, आणि बरा होऊ घातलेला रोगी औषधाच्या अतिरेकाने दगावतो. तीन वेळांनंतर यंत्र त्याच्याच बटणाने बंद करून बारा तास तसेच ठेवले. या बारा तासांत ताजी शाई वाळलेल्या शाईला भिजवते. घट्ट चिकटलेले पातेले घासण्याऐवजी रात्रभर भिजत टाकावे, हे आमच्या भगिनींना शिकवावयास नकोच.

दुसऱ्या दिवशी काळा पूर्ण आला, पिवळाही आला. तांबड्याच्या अर्ध्या रेघा उमटल्या. निळा नाही. तेव्हा आणखी एक उपाय केला. हेड विसावते त्या कोपऱ्यात रबरी काठाची एक लहान टोपी असते. छिद्रांवर झाकण बसून ती ओलसर राहावीत, एवढेच तिचे काम. तिच्यातला स्पंज दगडासारखा झाला होता. यंत्र चालू करून हेड जागचे हलताच प्लग काढला, हेड हाताने अलगद बाजूला सरकवले आणि ड्रॉपरने कोमट ऊर्ध्वपातित पाण्याचे चार-पाच थेंब त्या स्पंजावर सोडले. हे पाणी बॅटरीच्या दुकानात मिळते. बॅटरीतले आम्ल नव्हे, वरून घालण्याचे शुद्ध पाणी, ही गोष्ट विकत घेताना दोनदा विचारून घ्यावी. विहिरीचे किंवा नळाचे पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार पुन्हा त्याच छिद्रांत बसतात. मग प्लग लावून, हेड आपल्या जागी येऊ देऊन, बटणाने बंद केले. रात्र गेली. तिसऱ्या दिवशी निळ्याची पहाट झाली. चौथ्या दिवशी एक सफाई आणखी दिली, आणि निळ्याची एक रेघ सोडून सारी जाळी भरून आली. ती एक रेघ अखेरपर्यंत आली नाही. नोव्हेनेच्या पुस्तिकेत तिचा पत्ताही लागला नाही. पेटीला हात लागला नाही.

ज्या यंत्रात टाकी नसून कार्ट्रिज असते, त्यांची गोष्ट काही बाबतींत सोपी आहे. पुष्कळ स्वस्त यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच चिकटलेले असते. कार्ट्रिज बाहेर काढावे, त्यावरच्या सोनेरी-तांबूस पट्टीला बोट लावू नये, आणि छिद्रांची बाजू कोमट शुद्ध पाण्यात भिजवून घडी केलेल्या मऊ कापडावर दोन-तीन मिनिटे टेकवून ठेवावी. मग कोरड्या टिश्यू कागदावर हलकेच टिपावी. रंगीत कार्ट्रिज असेल तर तीन रंगांचे तीन स्वच्छ पट्टे उमटले पाहिजेत. उमटले तर जीव आहे असे समजावे. चार-पाच प्रयत्नांनंतरही उमटले नाहीत, तर ते कार्ट्रिज संपले. नवे घातले की हेडही नवेच मिळते. फक्त विकत घेण्यापूर्वी किंमत विचारावी. यंत्र स्वस्तात द्यावयाचे आणि शाईवर कमवावयाचे हा या व्यापाराचा जुना शिरस्ता आहे, आणि नव्या दोन कार्ट्रिजांची किंमत कधीकधी आख्ख्या यंत्राच्या किमतीच्या जवळ जाते. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी या जातीचे यंत्र कोणी फुकट दिले तरी विचार करूनच घ्यावे, असे आमचे मत आहे.

काय करू नये हेही सांगितले पाहिजे. छिद्रांत टाचणी किंवा सुई घालू नये. थिनर, नखांचा रंग काढण्याचे द्रव्य, पेट्रोल यांपैकी काहीही लावू नये. त्यांनी प्लॅस्टिक आणि डिंकाचे जोड विरघळतात. सिरिंज लावून जोराने पाणी मारणारे हुशार तरुण प्रत्येक गावात एक-दोन असतात. त्यांची हिंमत वाखाणण्यासारखी असली, तरी त्या जोराने हेडच्या आतला पापुद्रा फाटतो आणि मग रंग एकमेकांत मिसळतात. वाळलेली शाई पाण्याला आणि वेळेला वश होते. जोराला होत नाही.

आठवडाभराच्या प्रयत्नांनंतरही एखादा रंग जर मुळीच आला नाही, तर थांबावे. काळा उत्तम असेल तर केवळ काळ्या छपाईसाठी यंत्र ठेवता येते. काही यंत्रे तेवढीही सवलत देत नाहीत, आणि तेव्हा निरोप घ्यावाच लागतो. तो उकिरड्यावर मात्र घेऊ नये. २०२२ साली केलेले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे जे केंद्रीय नियम आहेत, त्यांच्या यादीत कार्ट्रिजांसह प्रिंटर स्पष्टपणे येतो. तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पोहोचावा अशी अपेक्षा आहे. परसात तारा जाळून तांबे काढणाऱ्याला तो देणे म्हणजे तो धूर आपल्याच मुलांच्या नाकात सोडणे होय. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात टाकून देण्याच्या संस्कृतीविषयी लिहिताना, तयार होणाऱ्या कागदापैकी बहुतांश कागद पुन्हा उपयोगात न येता फेकला जातो, हे उदाहरण मुद्दाम घेतले होते. प्रिंटर जिवंत झाला म्हणून वाटेल ते छापत सुटावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

जिवंत झालेल्या यंत्राची निगा फार नाही. ते नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावे, भिंतीवरच्या बटणाने नव्हे. भिंतीवरून वीज तोडली तर हेड टोपीवाचून उघडे राहण्याचा संभव असतो आणि पुन्हा सारा खेळ सुरू होतो. खानापूर-चंदगडकडे किंवा गोव्यात पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि एकाला एक चिकटून दोन-दोन आत जातात. म्हणून रीम तिच्या वेष्टनासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी, लागतील तेवढेच कागद काढावेत.

स्नानसंस्काराचे व विवाहाचे दाखले या यंत्रावर काढण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. छापलेला कागद एक दिवस वाळू द्यावा आणि अक्षरांवर पाण्याचा थेंब टाकावा. अक्षर फुटले, तर त्या शाईत दाखला देऊ नये. पासपोर्टच्या कचेरीपर्यंत मुलगा पावसात भिजत जाणार आणि दाखल्यावरील बापाचे नाव निळ्या डागात वाहून जाणार, ही नुसती कल्पना नव्हे. रंगकणांची काळी शाई पाण्याला पुष्कळ टिकते. लेझर यंत्राची पूड तर उष्णतेने कागदावर वितळून बसते, ती पाण्याने हलतच नाही. दाखल्यांपुरते त्या यंत्राच्या दुकानात जाणे हेच शहाणपणाचे.

राहिला प्रश्न, दर आठवड्याला काय छापावे? कारण आठवड्यातून एकदा तरी चारही रंगांची शाई वाहिली पाहिजे. नुसता चाचणीचा नमुना छापला तरी यंत्राचे काम भागते. पण कागद खर्ची घालावयाचाच, तर येत्या रविवारची वाचने ठळक, मोठ्या अक्षरांत दोन पानांवर घ्यावीत, मथळा तांबडा, स्तोत्र निळे, कडेला पिवळी रेघ, आणि शनिवारी संध्याकाळी ज्यांना मिस्सेच्या पुस्तकातले बारीक अक्षर दिसत नाही अशा गावातल्या चार-सहा म्हाताऱ्यांच्या घरी ती मुलांकरवी पोहोचवावीत. त्या धर्मग्रामात आता हे काम एक सातवीतली मुलगी करते. अक्षर किती मोठे हवे, हे ती प्रत्येक आजीला विचारून घेते आणि यंत्र बटणाने बंद झाले की नाही, हे दारातून मागे फिरून पाहते.